२० आठवड्यांचा स्कॅन: कॅव्हम दिसत नाही, अंगठाही सापडत नाही

प्रश्न
गर्भ २० आठवडे ३ दिवसांचा, तारीख पहिल्या तिमाहीतल्या मापांवरून पक्की. बाळाचं डोकं खाली. लॅटरल व्हेंट्रिकल (मेंदूतली द्रवाची पोकळी) मागे ११ मिमी, पुढे निमुळतं. मध्यरेषेवर तीन समांतर रेषा दिसतात, त्यांना कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी (मेंदूच्या मध्यरेषेवरची द्रवाची छोटी पोकळी) म्हणावं का? उजवा हात मनगटात वळलेला, बोटं चारच. दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात का? रिपोर्टमध्ये काय लिहू?

प्रतिसाद १
तीन रेषा म्हणजे कॅव्हम नव्हे. कॅव्हम ही दोन रेषांमधली काळी चौकोनी पोकळी, दोन फ्रंटल हॉर्नच्या (व्हेंट्रिकलच्या पुढच्या टोकांच्या) मधोमध. १८ ते ३७ आठवड्यांत ती दिसायलाच हवी. प्लेन (स्कॅनचा छेद) जरा खाली गेलं की फॉर्निक्सच्या (कॅव्हमखालच्या मज्जातंतूंच्या पट्ट्याच्या) तीन रेषा दिसतात आणि फसगत होते, म्हणून प्रोब किंचित वर, माथ्याकडे सरकवून पुन्हा बघा. वर गेल्यावरही तीन रेषा राहिल्या आणि मधली फाल्क्सची (मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या पडद्याची) असली, तर दोन्ही अर्धगोल एकमेकांपासून दूर गेलेत. मागे फुगलेल्या, थेंबाच्या आकाराच्या व्हेंट्रिकलबरोबर हे जुळतं, म्हणजे कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा) नसण्याची शंका घ्या.

फ्रंटल हॉर्न कसे आहेत तेही लिहा. एकमेकांपासून लांब आणि अरुंद असतील तर वरचीच शंका. मधे एकमेकांत मिसळले असतील तर लोबर होलोप्रोसेनसेफली (मेंदूचे अर्धगोल पूर्ण वेगळे न होणं) किंवा सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेसिया (मधला पडदा आणि दृष्टीच्या नसा नीट न बनणं).

डोकं खाली आहे, तेव्हा योनिमार्गातून पुढच्या टाळूच्या फटीतून मिड-सॅजिटल प्लेन (डोक्याचा मधोमध उभा छेद) घ्या. कलर डॉपलरचा वेग-स्केल कमी ठेवा, नाहीतर पेरिकॅलोसल धमनी (कॉर्पस कॅलोसमला लागून जाणारी) दिसतच नाही. ती कमानीसारखी वळली नाही, फांद्या सरळ वर गेल्या, तर निदानाला बळ येतं. कॅव्हम दिसलं म्हणजे कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे असं मात्र नाही. अर्धवट अभावात कॅव्हम असू शकतं.

प्रतिसाद २
हाताकडे वळा. अंगठा 'दिसला नाही' आणि 'नाही' यांत फरक ठेवा. मूठ बंद असेल तर आईला थोडं चालवून, कुशीवर वळवून परत बघा. पुढचा हात लांबीत धरा. रेडियस (अंगठ्याच्या बाजूचं हाड) आणि अल्ना (करंगळीच्या बाजूचं) मनगटाशी एकाच पातळीवर संपतात, कोपराशी अल्ना वर जाते. एकच हाड, तेही आखूड आणि वाकलेलं, हात अंगठ्याच्या बाजूला वळलेला: रेडियस नाही.

अंगठ्याची स्थिती फार बोलकी असते. दोन्ही रेडियस नाहीत पण अंगठे आहेत, तर टार सिंड्रोम (रेडियस नसणं आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी असणं). अंगठा नाही किंवा तीन पेरांचा आहे आणि हृदयात छिद्र, तर होल्ट-ओरम (हात आणि हृदयाचा आनुवंशिक आजार). आईवडिलांचे हातही पाहा. व्हॅक्टर्लसाठी (अनेक अवयवांत एकत्र येणाऱ्या दोषांचा समूह) मणके, मूत्रपिंडं, पोटातला जठराचा फुगा. डावा हात आणि दोन्ही पाय तितक्याच काळजीने. आईला अपस्मारासाठी व्हॅलप्रोएट चालू होतं का, हे विचारा.

प्रतिसाद ३
एकत्रच धरा. मेंदू आणि रेडियल बाजू दोन्हीकडे दोष म्हटल्यावर पहिल्यांदा ट्रायसोमी १८ (१८ वा क्रोमोसोम एक जास्त) डोक्यात यायला हवी. फीटल एको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) आणि ॲम्निओसेंटेसिस (सुईने गर्भजल काढणं) आताच ठरवा. साधारण २० मिली गर्भजल. पहिले १-२ मिली टाकून द्या, त्यात आईच्या पेशी असू शकतात. ट्रायसोमीची जलद तपासणी आणि मायक्रोॲरे (क्रोमोसोमचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का हे पाहणारी चाचणी) दोन्ही मागा. फॅन्कोनी ॲनिमिया (हाताच्या दोषाबरोबर दिसू शकणारा आनुवंशिक रक्ताचा आजार) मायक्रोॲरेत धरला जाईलच असं नाही. त्यासाठी क्रोमोसोम तुटण्याची चाचणी वेगळी लिहावी लागते. पीसीपीएनडीटी (लिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याचे फॉर्म एफ (नोंद) आणि फॉर्म जी (संमती) आधी भरा.

एमआरआयसाठी ॲम्निओ रोखू नका. मायक्रोॲरेला दोन आठवडे सहज लागतात आणि कॅलेंडर थांबत नाही. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होऊ शकतो. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे, आणि मंडळाला अर्जापासून ३ दिवसांत मत द्यावं लागतं. आईवडिलांना हे आजच सांगा, ठरवू मात्र त्यांनाच द्या. कॉर्पस कॅलोसम नसणं एकटंच असेल तर बऱ्याच मुलांची वाढ चांगली होते. इथे हात जोडीला आहे, तो दिलासा आत्ताच देऊ नका.

रिपोर्टमध्ये मापं, पाहिलेली प्लेन आणि न दिसलेल्या गोष्टी स्वतंत्र लिहा. मिड-सॅजिटल प्लेन मिळेपर्यंत 'कॅव्हम दिसलं नाही, न्यूरोसोनोग्रामची (बाळाच्या मेंदूच्या तपशीलवार सोनोग्राफीची) गरज' एवढंच.