प्रौढांसाठीचा बहुखेळाडू ऑनलाइन खेळ: शिकणे खेळाच्या आत कसे आणावे?

जलरेषा (प्रश्न)

आम्ही काही जण मिळून भूजल या विषयावर एक ऑनलाइन खेळ तयार करत आहोत. तो शाळकरी मुलांसाठी नसून नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढांसाठी आहे. सहा ते आठ खेळाडू एकाच जलधरावर, म्हणजे जमिनीखालच्या पाणी साठवणाऱ्या एकाच थरावर, शेती करतात, प्रत्येकाची स्वतंत्र विहीर असते आणि खेळातला एक हंगाम प्रत्यक्षातल्या दोन दिवसांत संपतो. जमिनीखाली एकूण पाणी किती आहे हे कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाला केवळ आपल्या विहिरीची पातळी कळते.

एका मुद्द्यावर आमच्यात दोन मते आहेत. काहींचे म्हणणे असे की, प्रत्येक हंगामाच्या आरंभी थोडी माहिती द्यावी, तिच्यावर चार प्रश्न विचारावेत आणि अचूक उत्तरे देणाऱ्याला जास्त ताकदीचा पंप मिळावा, म्हणजे खेळाडू खरोखर शिकला याची खात्री होईल. इतरांना वाटते की, प्रश्नपत्रिका समोर येताच प्रौढ माणूस खेळ बंद करील. पण मग प्रश्न काढून टाकल्यास लोक काही शिकले हे कशावरून ठरवायचे? दिवसभराच्या कामानंतरही हा खेळ उघडावासा वाटावा आणि महिनाभराने भूजलाबद्दल काही पक्के समजलेले असावे, अशी रचना कशी करता येईल? गुण, पदके आणि क्रमवारी ठेवावी का, याबद्दलही मत हवे आहे.

डावपेच

प्रश्न काढून टाकावेत, असे माझे ठाम मत आहे. खेळाच्या वाटेत असे प्रश्न उभे केले की ज्ञानाला टोलनाक्याची कळा येते: पैसे भरायचे, पुढे जायचे आणि नाका विसरायचा. शिवाय तुमच्या बाबतीत आणखी गंभीर अडचण आहे. ज्या खेळात बेसुमार उपसा हाच मूळ धोका आहे, त्यात अभ्यासाचे बक्षीस म्हणून मोठा पंप दिला, तर खेळाचे नियम एक सांगतील आणि माहितीचा मजकूर दुसरेच सांगेल. अशा वेळी खेळाडू नेहमी नियमांवर विश्वास ठेवतो.

विषयच खेळाची कृती कसा होऊ शकतो ते पाहा. विहिरीतून उपसा सुरू झाला की तिच्याभोवतीची पाणीपातळी उलट्या शंकूच्या आकारात खाली जाते, आणि उपसा वाढेल तसा तो शंकू खोल आणि रुंद होत जातो. शेजारची विहीर त्याच्या घेऱ्यात आली, तर शेजाऱ्याने एक थेंबही जास्त न काढता त्याची पातळी घसरते. आता समजा, तिसऱ्या हंगामात एका खेळाडूला दिसते की, काल 11 मीटरवर असलेले पाणी आज 14 मीटरवर गेले आहे, आणि त्याने तर पंप नेहमीइतकाच चालवला होता. इथे काहीही समजावून सांगू नका. तो इतरांना विचारील, कोणीतरी रात्रभर पंप चालू असल्याचे कबूल करील, कोणीतरी सगळ्यांचे आकडे विहिरींमधल्या अंतरानुसार मांडून पाहील. त्या मांडणीतून शंकू त्यांच्या डोळ्यांसमोर येईल आणि त्याचे शास्त्रीय नाव त्यानंतर सांगितले तरी पुरेल.

प्रौढांना अवघड विषय नको असतो हा समजही सोडून द्यावा. 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठातून सुरू झालेल्या 'फोल्डइट' या खेळात लोक प्रथिनांच्या घड्या जुळवतात, आणि त्यांतील बहुतेकांनी जैवरसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. तरीही माकडांमधील एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना, जी शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती, ती या खेळाडूंच्या साहाय्याने काही आठवड्यांत उलगडली आणि 2011 साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. तिथे खेळणे आणि विषय हाताळणे यांत भेदच उरलेला नाही.

सायंवर्ग

मी नोकरदार प्रौढांना संध्याकाळच्या वर्गात शिकवते. त्यांना अज्ञानाची भीती वाटत नाही. आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडेल याची वाटते. बहुखेळाडू खेळात ही भीती दुप्पट होते, म्हणून पहिला हंगाम प्रत्येकाला संगणकाने चालवलेल्या शेजाऱ्यांबरोबर एकट्याने खेळू द्यावा आणि वैयक्तिक क्रमवारी सर्वांना दिसेल अशी मुळीच ठेवू नये. पदकांविषयीही सावध राहावे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या 1971च्या प्रयोगात कोडी सोडवण्याबद्दल ज्यांना पैसे दिले गेले होते, ते विद्यार्थी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे कमी वळले. ज्या कामात मुळातच गोडी आहे, त्याला बाहेरून आमिष लावण्याची घाई करू नये.

डावपेच यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु नुसत्या खेळण्याने शिकणे पूर्ण होत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1960च्या सुमारास तयार झालेला 'बिअर गेम' व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत प्रौढ मंडळी आजही तन्मयतेने खेळतात. पुरवठ्याच्या साखळीतले चार दुवे चार जण सांभाळतात. प्रत्येकाला फक्त आपला साठा आणि आपल्याकडे आलेली मागणी दिसते, आणि मागवलेला माल काही आठवड्यांच्या विलंबाने पोहोचतो. थोड्याच वेळात कोणाकडे मालाचे ढीग लागतात, तर कोणाकडे खडखडाट असतो, आणि ग्राहकांची मागणी सतत वरखाली होत असणार अशी सर्वांची खात्री पटते. खेळ संपल्यावर मागणीचा खरा आलेख दाखवला जातो: ती एकदाच वाढून नंतर स्थिर राहिलेली असते. सगळे शिकणे त्या आलेखासमोरच्या चर्चेत घडते. तुमच्याही खेळात हंगाम संपताच भूजलपातळीचा पूर्ण नकाशा उघडावा आणि आपले निर्णय त्यावर पाहून बोलण्यासाठी खेळाडूंना वेळ द्यावा.

शिकल्याची खात्री कशी करावी, याचे उत्तरही खेळातच आहे. दुसऱ्या फेरीत समुद्रकाठचा जलधर द्या, जिथे जास्त उपसा केल्यास खारे पाणी आत शिरते. खेळाडू पहिल्या फेरीपेक्षा लवकर आकडे एकत्र करतात का आणि उपशाला आपणहून आवर घालतात का, हे त्यांच्या निर्णयांच्या नोंदीत स्पष्ट दिसेल, आणि कोणत्याही चार प्रश्नांपेक्षा मी त्या नोंदीवर अधिक विश्वास ठेवीन.

रात्रपाळी

खारे पाणी आत शिरण्याचा प्रसंग काल्पनिक नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांचा 1965चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या अशाच एका भूजल खोऱ्यावर होता. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी एकत्र येऊन, वाटाघाटी करून उपशावर मर्यादा घालून घेतल्या. नंतर ऑस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगशाळेतील प्रयोगांतही असे आढळले की, सामायिक साधन वापरणाऱ्यांना आपसांत बोलू दिले की सहकार्य लक्षणीय वाढते. तेव्हा संवादाची जागा तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात नको, मध्यभागी हवी, आणि नियम करण्याचा व ते मोडणाऱ्याला दंड लावण्याचा अधिकार खेळाडूंकडे असावा. 'इको' या खेळात खेळाडू स्वतः कायदे लिहितात आणि त्यांवर मतदान करतात. त्याच्या नेहमीच्या रचनेत 30 दिवसांनी उल्का आदळणार असते, त्यामुळे चर्चेला मुदतही मिळते.

आता वेळेविषयी. प्रौढ खेळाडू कंटाळून जातो त्यापेक्षा अनेकदा सवड न मिळाल्याने मागे पडतो, आणि एकदा मागे पडला की संकोचाने परतत नाही. त्यामुळे सगळ्यांनी एकाच वेळी हजर असण्याची अट नको. पंपाचे वेळापत्रक आधी लावून ठेवण्याची सोय द्यावी, गैरहजर असताना विहीर त्याप्रमाणे चालावी, आणि परतल्यावर दरम्यान काय घडले हे चार ओळींत समोर यावे. कोणी कायमचा निघून गेल्यास त्याची विहीर गटाने चालवावी की बंद ठेवावी, हाही एक उत्तम निर्णय होऊ शकतो.

सायंवर्ग यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी असहमत आहे. सगळी तुलना काढून टाकू नका. दहा हंगामांनंतर कोणत्या गटाच्या जलधरात किती पाणी उरले, ही गटागटांतली तुलना कोणालाही एकटे पाडत नाही आणि चुरसही टिकवते.

जलरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रश्न आणि वैयक्तिक क्रमवारी आम्ही वगळत आहोत आणि हंगामाअखेरचा नकाशा लगेच हाती घेत आहोत. एक शंका उरते: खेळाडूंना आपल्या विहिरीचे खोटे आकडे सांगण्याची मुभा द्यावी का? तशी मुभा दिल्यास शास्त्रच झाकोळून जाईल, असे आमच्यापैकी काहींना वाटते.

डावपेच

मुभा अवश्य द्यावी, पण तिच्यासोबत पडताळणीचे साधनही द्यावे. प्रत्यक्षात भूजलपातळी मोजण्यासाठी, ज्यांतून उपसा होत नाही अशा निरीक्षण विहिरी ठेवलेल्या असतात. खेळात अशी एक विहीर सर्वांनी वर्गणी काढून खोदायची आणि ती कुठे खोदायची हेही त्यांनीच ठरवायचे, असा नियम करा. जागा चुकली तर खोटे पकडले जाणार नाही. आणि जागा बरोबर निवडण्यासाठी पाणी जमिनीखाली कसे वाहते हे त्यांना समजून घ्यावेच लागेल.