लिफ्ट आत्ता बसवावी की पुनर्विकासाची वाट बघावी? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. तळमजला अधिक तीन, १६ फ्लॅट, १९८७ चं बांधकाम, लिफ्ट नाही. घरं घेतली तेव्हा सगळे तिशीतले, लोकल पकडायला जिना धावत उतरणारे. आता तेच सत्तरीपार, मुलं बाहेर. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणतात. जिना जेमतेम साडेतीन फूट. पुढचा माणूस उलटा उतरतो आणि प्रत्येक वळणावर खुर्ची कठड्याच्या वर उचलून फिरवावी लागते.

सर्वसाधारण सभेत लिफ्टचं ठरलं. पण लिफ्टवाल्याने आणलेल्या नकाशात शाफ्ट (लिफ्ट वरखाली होते ती उभी जागा) जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला, म्हणजे दार उघडणार अर्ध्या लँडिंगवर, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर. तिथून घरापर्यंत नऊ पायऱ्या उरतातच. मग काकूंना उपयोग काय? दुसरा पर्याय पॅसेजच्या टोकाची खिडकी काढून तिथे शाफ्ट लावायचा. त्यात दार मजल्याच्या पातळीवर येतं, पण बाजूची मोकळी जागा खाल्ली जाते आणि दोन पार्किंग जातात. ते दोघे पार्किंगवाले अर्थातच हटून बसलेत.

तळमजलेवाले म्हणतात आम्ही पैसे देणार नाही. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, लिफ्टची देखभाल आणि चालवण्याचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरा वा न वापरा, असं आहे. नवीन बसवण्याच्या खर्चाचं तुमच्याकडे कसं केलंत? सिंकिंग फंडाचं, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीचं, विचारू नका. बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाव टक्का, तोही १९८७ च्या खर्चाचा. त्यात लिफ्टचं दारसुद्धा येणार नाही.

एक गट म्हणतो, पुनर्विकास होणारच आहे, कशाला खर्च? पण जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर. आधी डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर देत नसला तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), मग सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची पुनर्विकासाची प्रक्रिया, मग बांधकाम. तोवर काकूंनी काय करायचं?

अर्ध्या लँडिंगची लिफ्ट कोणी बसवली असेल तर अनुभव सांगा.

— तिसरा मजला

ठाणेकर_७१: आमच्याकडे तशीच आहे. काठी घेऊन चालणाऱ्यांना फरक पडला, हे खरं. व्हीलचेअरला शून्य उपयोग. तुमची अडचण खुर्चीची असेल तर पॅसेजवालाच पर्याय धरा, पार्किंगचं भांडण एकदाच होईल. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. तीस वर्षांवरच्या इमारतीला उपविधींप्रमाणे ते दर तीन वर्षांनी लागतंच. शाफ्टचा पाया इमारतीच्या जुन्या फुटिंगजवळ (खांबांच्या पायाजवळ) खणायचा असतो, त्यामुळे लिफ्टवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. पालिकेची आणि विद्युत निरीक्षकांची परवानगी वेगवेगळी.

आर्किटेक्ट_ताई: लिफ्टचं दार ९०० मिमी मोकळं मिळतंय का आणि बाहेर पडल्यावर खुर्ची वळवायला १५०० मिमी जागा आहे का, हे नकाशावर स्केलने मोजा. आणि पुढे पुनर्विकास झालाच तर एक सांगते. सगळी सभा कार्पेट (घरातलं वापरायचं क्षेत्रफळ) किती वाढवून मिळणार यातच संपते. बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर, हे कोणी विचारत नाही. आत पडलेला माणूस दाराला टेकला की ते दार उघडत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार, उंबरठा नाही, आणि कमोडशेजारच्या भिंतीत ग्रॅब बार (धरायची दांडी) पेलेल असा भाग, हे करारनाम्याच्या नकाशातच घालून घ्या. नंतर बिल्डर 'एक्स्ट्रा वर्क' म्हणून पैसे लावतो.

बाकी, तळमजल्यावरचा एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे का? काकूंनी तिथे भाड्याने राहायचं आणि त्यांचा वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. लिफ्ट होईपर्यंत तरी सुटका.

तिसरा मजला: आहे की, तळमजल्यावरचा एक! मालक पुण्याला असतात, भाडेकरूचा करार संपत आलाय. काकांशी बोलून आज संध्याकाळीच त्यांना फोन लावतो. पॅसेजची मापं काढून नकाशाही इथे टाकतो, ताई, जरा बघाल का?