सड्यावर जिओकॅशचा डबा ठेवायचाय, कसा आणि कुठे?

सुरंगी
नमस्कार मंडळी, राजापूर तालुक्यात आमचं घर आहे, मागची घाटी चढून गेलं की सडा, म्हणजे कातळाचं पठार, तिथे थोडा कातळ आमच्या मालकीचा आणि कडेला काजूची बाग. तिथे जिओकॅशिंगचा, म्हणजे लोकांनी जीपीएसवरून शोधून काढायचा, डबा ठेवायचा विचार आहे, इथे कोणी ठेवलाय का?

हे खूळ आलं लेकीकडून. ती आयर्लंडला असते, मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो तर नातवाने हट्ट करून स्लीव्ह ब्लूम नावाच्या डोंगरात नेलं. डोंगर म्हणजे काय, सगळ्यात उंच आर्डेरिन तोच 527 मीटर, आपल्याकडे त्याला कोणी विचारणार नाही, पण चालायला लागलं की कळतं. वरून गवत आणि हेदरची झुडपं दिसतात आणि खाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा, काळा चिखल, बूट घोट्यापर्यंत आत जातो आणि काढताना फचक्क आवाज. माणूस औषधाला नाही, नुसत्या मेंढ्या, पाठीवर निळे-लाल पट्टे फासलेल्या, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. नातू फोनमधला बाण बघत पुढे आणि आम्ही धापा टाकत मागे. शेवटच्या आठ-दहा मीटरात फोन काय नीट सांगत नाही, कधी इकडे दाखवतो कधी तिकडे, मग डोळ्यांनीच शोधायचं. त्याने एका पडक्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणात, खुशाल हात घातला आणि डबा काढला! हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेला जेवणाचाच डबा, आत वही, पेन्सिल, एक डायनोसॉर आणि गोट्या. वहीत नाव-तारीख लिहायची, काही उचललं तर बदल्यात काहीतरी ठेवायचं. ह्यांनी खिशातलं गणपतीचं की-चेन ठेवलं, नातवाने डायनोसॉर घेतला.

आता सगळी गणपतीला येतायत आणि नातवाला आपल्या सड्यावर डबा हवाय. सड्यावर एक कातळशिल्प पण आहे, त्याच्या बाजूला ठेवला तर लोक शिल्पही बघतील असं माझ्या डोक्यात आहे. सांगा काय ते.

कातळकडा
काकू, आयडिया झकास पण कातळशिल्पाजवळ अजिबात नको. एक तर जिओकॅशिंगच्या साइटवाले, जिथे डब्याची नोंद करायची ते, पुरातत्त्वाच्या जागी डबा ठेवू देत नाहीत, आणि ते देत असते तरी मी नको म्हटलं असतं. लोक डबा शोधताना दगड उलथतात, गडग्याचे चिरे काढतात, चित्रावरून बूट घालून फिरतात. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे वगैरे, तरी कितीतरी शिल्पं अजून उघड्यावर आहेत, गुरं जातात, गाड्या जातात.

बाकी नियम थोडक्यात. डबा पुरायचा नाही, खड्डा खणायचा नाही. दुसऱ्या डब्यापासून निदान 161 मीटर लांब. खायची वस्तू आत नाही (मुंग्या आणि माकडं, वेगळं सांगायला नको). जागामालकाची परवानगी, ती तुमच्या घरातच आहे. आणि देखभाल करणारं माणूस जवळ पाहिजे, सुट्टीला येऊन डबा ठेवून परत गेलं हे चालत नाही, म्हणून नोंद नातवाच्या नाही तुमच्या नावावर करा. मग साइटचा एक स्वयंसेवक नोंद तपासतो आणि त्यानंतर डबा नकाशावर दिसतो.

कोऑर्डिनेट्स टाकताना लक्ष द्या. गुगल मॅप अंशाचे दशांश देतो आणि ह्या साइटवर अंश आणि दशांश मिनिटं लागतात. 16.65 म्हणजे 16 अंश 39 मिनिटं, 65 मिनिटं नव्हे, ह्यात भलेभले घोळ घालतात. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे साधारण पावणेदोन मीटर, म्हणून तिथपर्यंत नीट लिहायचं. सड्यावर आकाश मोकळं असतं त्यामुळे जीपीएस मस्त लागतो, थोडा वेळ एका जागी उभं राहून रीडिंग घ्या. फोनचा होकायंत्राचा बाण मात्र वेगळी गोष्ट, तो चुंबकावर चालतो. देवाचे गोठण्याला एका शिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं ते तुम्हाला माहीत असेलच, तालुका तुमचाच.

कुडाळचो झिल
काकी, नियम-बियम ऱ्हवांदेत. तुमी आणि तुमचो नातू सड्यार वाकान वाकान कायतरी शोधतास ह्या कोणी बघितल्यान तर गावभर होतला, गुप्तधन शोधूक ईली हत म्हणान 😂 आदी पोलीस पाटलाक सांगा आणि गुराख्याकव सांगा. गुराख्याक तर पयलो सांगा.

लिमरिकचा मालगुंडकर
वरचा भाऊ हसत बोलतोय पण शंभर टक्के बरोबर बोलतोय. मी आयर्लंडमध्ये राहतो आणि ह्या नादापायी बरेच डोंगर पालथे घातलेत, मूळ गाव मालगुंड, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

सुरंगीताई, तुमच्या नातवाने गडग्यात हात घातला ते वाचून पोटात गोळा आला. तिकडे चालतं, कारण आयर्लंडमध्ये मुळात साप नाहीत. संत पॅट्रिकने हाकलले अशी गोष्ट सांगतात, खरं कारण हिमयुग आणि नंतर मध्ये आलेला समुद्र, साप तिथे पोचलेच नाहीत. त्यामुळे तिथल्या पोरांना दगडाखाली, भिंतीच्या फटीत हात घालायची सवय असते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर तोच हात फुरशावर पडेल. फुरसं दगडाखाली, चिऱ्यांच्या सापटीत, वाळल्या पाल्यात बसतं, रंग कातळात असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. विंचू आहेतच. म्हणून आपल्याकडे पहिला नियम, डबा काढायला कुठेही न दिसणाऱ्या जागी हात घालावा लागता कामा नये. साइटवरच्या डब्याच्या पानावर आणि हिंटमध्येही हे लिहा, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं तेही लिहा.

दुसरं पावसाचं. स्लीव्ह ब्लूमला वर्षभर रिपरिप असते, डबे ओले होतात पण वाहून जात नाहीत. आपल्याकडे आषाढात कातळावरून पाण्याची चादर वाहते, आणि मार्च-एप्रिलला गवत वाळलं की वणवा, जमिनीवरचं प्लॅस्टिक वितळून जाईल. म्हणून मी जमिनीपासून वर टांगायला सांगेन. चार इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा घ्या, एका तोंडाला सोल्युशन लावून एंड कॅप पक्की, दुसऱ्याला आट्याची कॅप, आत झिपच्या पिशवीत वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या वहीवर ते चालत नाही. काजूच्या जाड फांदीला छातीच्या उंचीवर गंज न लागणाऱ्या तारेने आडवा बांधा, फांदीला काचेल एवढी तार आवळू नका. बाहेरून मराठीत ठळक लिहा, हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, आणि एक फोन नंबर. बेवारस पाइप बघून कोणी घाबरून पोलिसांना फोन केला तर नसती आफत. तिकडे कुणी लष्करी डबे वापरतात, ते इथे स्वप्नातही नको.

जमिनीचं म्हणाल तर तिकडेही पडीक डोंगर दिसला म्हणून तो कुणाचाच नाही असं नसतं, बरेचसे डोंगर शेतकऱ्यांच्या सामाईक चराईचे असतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर मुंबईतले चुलते निघतात तसंच 😀 तुमचा सातबारा एकदा बघून घ्या, मालकी म्हणता ती एकट्याची आहे का सामाईक.

आणि हो, जावयांना सांगा, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं गार्मिन इनरीच किंवा तसलं यंत्र बॅगेत टाकून आणू नका. तिकडच्या डोंगरात ते जीव वाचवतं, भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर लोक अडकलेत. साधा फोन पुरे.

सुरंगी
बाप रे, फुरशाचं डोक्यातच आलं नव्हतं, इथे राहून सुद्धा! पाइपाची कल्पना ह्यांना फार आवडली, बोअरवेलच्या वेळचे तुकडे माळ्यावर आहेत, दुपारपासून खाली काढून पुसत बसलेत. सातबारा सामाईक आहे, दोन चुलत दीर डोंबिवलीला, त्यांना फोन करते, ते गणपतीला येणारच. पण शिल्पाकडे लोक यावेत ही माझी हौस राहिलीच की.

कातळकडा
त्याला एक वाट आहे काकू, थोडी आडवळणाची. अर्थकॅश म्हणून प्रकार आहे, 2004 पासून चालू आहे, त्यात डबाच नसतो. भूगर्भशास्त्राचं काहीतरी बघायचं, प्रश्नांची उत्तरं पाठवायची, झालं. शिल्पावर नाही करता येणार पण जांभ्यावर मस्त होईल. बेसॉल्ट झिजून जांभा कसा झाला, कातळाला भोकं का असतात, चिरेखाणीत ओला चिरा मऊ आणि वाळला की टणक का होतो. शिल्पापासून लांब, घाटीच्या वाटेवर उघडा पडलेला थर असेल तो धरा. माणूस सड्यावर आला की तुम्ही चहा द्या आणि शिल्प स्वतः नेऊन दाखवा, डबा शोधायला आलेल्या परक्यापेक्षा ते बरं. पानाचा मसुदा इथे टाका, मी बघून देतो.

कुडाळचो झिल
वहीत पयली सही माझी हां, आदीच सांगान ठेवतंय. पन चतुर्थी झाल्यार, तवसर भजनातसून सवड नाय.