मदत हवी आहे: आजीच्या पेटीत सापडलेली चकती पुतळी आहे का?

मंडळी, गणपतीच्या आधी पोटमाळा आवरताना आजीची लोखंडी पेटी उघडली. तळाशी जरीच्या चिंधीत गुंडाळलेली एक पिवळी चकती निघाली आणि तेव्हापासून घरात दोन तट पडलेत.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी फार पूर्वी हरवली होती. माळ पुढे मोडली, वाटण्या झाल्या, पण त्या एका पुतळीचा विषय अजून दर लग्नकार्यात निघतो. आईचं ठाम मत, हीच ती. दादाने फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, म्हणून तोही आईच्या बाजूला. मला मात्र ही फारच दांडगी वाटते.

फोटो काही केल्या चढत नाहीयेत, म्हणून वर्णन करते. एका बाजूला दोन पुरुष. एक उभा, डोक्यामागे तेजोवलय. दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून. मधोमध उंच काठी, वर झेंडा, काठी दोघांनी धरलेली. काठीला लागून वरून खाली डी-व्ही-एक्स. कडेने एका बाजूला एस-एम-व्ही-ई-एन-ई-टी-आय आणि दुसऱ्या बाजूला ए-एन-डी-आर, पुढे डी-ए-एन-डी-व्ही-एल-ओ. पाठीमागे लंबगोल चौकटीत उभी आकृती, भोवती चांदण्या, कडेला बारीक अक्षरांची रांग. त्यातलं एस-आय-टी, टी, एक्स-पी-ई एवढंच लागलं.

व्यास ३३ मि.मी., जाडी अडीच मि.मी., स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४ ग्रॅम. भोक नाही, कडी नाही. कडेला एके ठिकाणी पिवळा थर उडालाय आणि खालून करडं दिसतंय. सोनाराकडे नेऊ देत नाहीत, कारण तो म्हणे आधी कानसच लावेल.

जाणकारांनी कृपया सांगावं: हे कुठलं नाणं? खरं की नक्कल?

नाणेघाटी:

वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चालेल. चित्र व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याचं आहे. उभे आहेत ते संत मार्क, व्हेनिसचे रक्षक संत. गुडघे टेकलेला तो तिथला डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख. डी-व्ही-एक्स म्हणजे 'दुक्स', त्याचं लॅटिन पद. जुन्या लिपीत यू-च्या जागी व्ही लिहीत. नाव आंद्रेआ दांडोलोचं, तो १३४३ ते १३५४ डोज होता. पाठीमागे येशू ख्रिस्त. तुम्ही अडलात ते एक्स-पी-ई म्हणजे 'ख्रिस्ते', त्यातली पहिली दोन अक्षरं मुळात ग्रीक. पूर्ण ओळीचा अर्थ साधारण असा, की हे ख्रिस्ता, तू जिच्यावर राज्य करतोस ती ही डची, म्हणजे डोजचं राज्य, तुला अर्पण असो. ओळीतला शेवटचा शब्द 'डुकाटुस', नाण्याच्या नावाशी त्याचं नातं लगेच दिसेल.

हे नाणं १२८४ मध्ये निघालं आणि व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात चाललं. पाचशे वर्षं चित्र तेच, फक्त डोजचं नाव बदलायचं. मिरी-मसाल्याच्या व्यापारात ते तांबड्या समुद्रामार्गे आपल्याकडे आलं आणि वरच्या आकृत्यांमुळे पुतळी झालं. त्यामुळे तुमच्या आईचं अगदीच चुकलेलं नाही, चित्र पुतळीचंच आहे.

पण वस्तू ती नव्हे. अस्सल डुकाट साधारण साडेतीन ग्रॅमचा, वीस-एकवीस मि.मी.चा आणि पत्र्यासारखा पातळ. तुमच्या मापांचं गणित केलं तर आकारमान दोन घन सेंटिमीटरांहून थोडं जास्त येतं. एवढं सोनं ४० ग्रॅम भरलं असतं. १४ ग्रॅमला घनता सातच्या जवळ येते, म्हणजे पितळसुद्धा नाही, जस्ताचा मिश्रधातू आणि वर पिवळा मुलामा. खालून दिसणारं करडं तेच. आणि चुंबक तांबं, पितळ, जस्त कशालाच चिकटत नाही हो, तेवढ्यावरून सोनं कसं ठरणार! पर्यटकांना विकतात ती आठवणीची चकती आहे ही.

एक विचारतो: कडेवरून नख फिरवल्यावर मधोमध बारीक रेघ लागते का? आणि अक्षरांच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात का? साच्यात ओतलेल्या नकलेच्या खुणा असतात या.

चिंचगुळाची_आमटी:

थोडं अवांतर. दक्षिणेत याच नाण्याला शाणार काशु म्हणत. झेंड्याची काठी म्हणजे ताडाचं झाड आणि डोज म्हणजे ताडी काढणारा शाणार! आमच्या आजीच्या पुतळ्यांवर लक्ष्मी होती, त्या इथल्याच सोनारांनी ठशावर उठवलेल्या. तेव्हा ताई, तुमच्या माळेतल्या बाकीच्या पुतळ्यांवर काय होतं ते आधी विचारा.

धागाकर्ती:

नाणेघाटी, रेघ लागते. अर्ध्या कडेपर्यंत आहे, पुढे कुणीतरी घासून काढल्यासारखी. खड्डेही आहेत, संत मार्कांच्या पायाशी तीन. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं.

आईला माळेबद्दल विचारलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, लक्ष्मीच होती. त्यानंतर पेटी पुन्हा नीट पाहिली तर त्याच कोपऱ्यात काचेचा निळा पक्षी निघाला, चोच तुटलेला. तो आत्याच्या यजमानांनी आणलेला. ते मालवाहू बोटीवर होते आणि इटलीच्या फेऱ्या करायचे, म्हणजे चकतीही त्यांचीच. आजीने ती जरीत का गुंडाळून ठेवली, देव जाणे.

दादा अजून मानायला तयार नाही. आता भाचीला ती गळ्यात घालायची आहे. सोनाराकडून वर कडी सांधून घेतली तर चालेल का?

नाणेघाटी:

सांधू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपासच वितळतं, सोनाराची फुंकणी लागली की डोजसाहेब वाहून जातील. भोकही पाडू नका, मुलामा आणखी सुटेल. तारेची गोल चौकट मिळते, तिच्यात बसवा. आणि दादासाठी: काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा, चकती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दोनच्या आसपास दाखवेल, तेच तिचं आकारमान. १४ ला त्या आकड्याने भागून घनता काढायचं काम दादालाच द्या.