‘राजकारण नको’ हा नियम खरोखर पाळता येतो का?

मूळ धागा

विणकाम, छायाचित्रण, बुद्धिबळ अशा एखाद्या आवडीपायी जमलेल्या आंतरजालीय समूहांत ‘राजकारणावर चर्चा नको’ हा नियम पुष्कळदा आढळतो. माझ्या मते तो पूर्णपणे पाळणे अशक्य आहे, कारण कोणाचे बोलणे विषयाला धरून आणि कोणाचे अवांतर, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हाही राजकारणाचाच प्रश्न आहे. तटस्थ दृष्टिकोन हे विकिपीडियाचे मूलभूत धोरण आहे. तरीही पोलंडमधील एका शहराला ‘ग्दान्स्क’ हे पोलिश नाव वापरावे की ‘डान्झिग’ हे जर्मन, यावरून इंग्रजी विकिपीडियावर वाद इतका लांबला की २००५ मध्ये मतदान घ्यावे लागले आणि १३०८ ते १९४५ या काळापुरते जर्मन नाव वापरावे असे ठरले. एका नावाची ही कथा आहे.

प्रतिसाद १ (असहमत)

राजकारण या शब्दाची व्याप्ती आपण इतकी वाढवली आहे की त्यातून काहीच सुटणार नाही. हा नियम करणाऱ्यांना पक्षीय राजकारण अभिप्रेत असते आणि ते बाहेर ठेवता येते. छायाचित्रणाच्या एका समूहाची मी चार वर्षे नियंत्रक होते. निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांशी बोलणे सोडलेली माणसे, आम्ही नियम कडक केल्यावर, पुन्हा एकमेकांना भिंगांविषयी सल्ला विचारू लागली. हा लाभ मला तात्त्विक शुद्धतेपेक्षा मोठा वाटतो.

प्रतिसाद २ (धागाकर्त्याशी सहमत)

रॅव्हेलरी हे विणकाम करणाऱ्यांचे मोठे संकेतस्थळ आहे. २०१९ मध्ये त्याने ट्रम्प यांच्या समर्थनार्थ काहीही लिहिण्यास वा विणकामातून दाखवण्यास बंदी घातली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर दुमत असू शकते. परंतु त्यांनी मौन पाळले असते, तरी तीही एक निवडच ठरली असती. ज्याला चालू व्यवस्थेचा त्रास नसतो, त्याला मौन पाळणे सोपे जाते.

प्रतिसाद ३

मला दोन्ही बाजूंत एक गल्लत दिसते. समूहाचे अंतर्गत सत्ताकारण आणि बाहेरचे पक्षकारण या वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला लिखित घटना आहे आणि तिथे प्रकल्पप्रमुखाची निवड सदस्य दरवर्षी मतदानाने करतात. सत्ता आहे हे उघडपणे मान्य केले की तिचा हिशेब मागता येतो. जिथे ‘आमच्यात राजकारण नाही’ असे ठासून सांगितले जाते, तिथे मात्र दोन-तीन जुन्या सदस्यांचा शब्द अंतिम ठरतो आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोयच नसते.

धागाकर्ता

हा भेद मला मान्य आहे. तरीही प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, आपल्या स्पर्धांत रशियाचा ध्वज वापरण्यास मनाई केली, तेव्हा बुद्धिबळाच्या समूहातील नियंत्रकाने निकाल लिहिताना रशियन खेळाडूच्या नावापुढे काय लावायचे? ध्वज ठेवला काय, काढला काय, दोन्हीकडून आक्षेप येणारच.

प्रतिसाद १ लिहिणारी

मी स्पर्धेच्या अधिकृत निकालपत्रात असेल तेच लावीन आणि त्यावरचा वाद थांबवीन. तो निर्णय माझा होता, हे मात्र कारणासकट नियमांच्या पानावर नोंदवीन. छायाचित्रणाच्या समूहात मी असे कधी केले नव्हते.