मदत हवी आहे : मुरूड ते मालवण, किनाऱ्याकिनाऱ्याने कुटुंबासह
नमस्कार. डिसेंबरात आईवडील आणि दोन मुलांसह महामार्ग टाळून मुरूडहून मालवणपर्यंत जाण्याचा आमचा विचार असून, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालूनच खाडी ओलांडायची आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यामुळे लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीतून जंजिऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकणे त्यांना कितपत जमेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्गातील, महाराजांच्या हातापायांचे म्हणून जपलेले चुन्यातील ठसे मुलांना दाखवायचेच आहेत, त्यासाठी वाटेतले एखादे ठिकाण सोडावे लागले तरी चालेल. पाच मुक्काम पुरतील का, आणि ते कोठे करावेत?