चिठ्ठ्या दत्तापुढे टाकाव्यात का? (दहेजची नोकरी की एम.एस्सी.)

परीक्षानळी

नमस्कार मंडळी. राहणार बडोदा, रावपुऱ्यातल्या एका पोळात. यंदा एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.एस्सी. केमिस्ट्री झालो. आजवर पुढे काय हे कधी ठरवावंच लागलं नव्हतं. दहावीनंतर अकरावी, एका सेमिस्टरनंतर दुसरं. आता टाइमटेबल लावून देणारं कोणी नाही.

समोर दोन गोष्टी आहेत. भरूचपलीकडच्या दहेज गावातल्या एका कंपनीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबला ट्रेनी केमिस्ट, अठरा हजार हातात, फिरत्या शिफ्ट. नाहीतर इथेच एम.एस्सी. ऑरगॅनिक, प्रवेश जवळजवळ नक्की. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, बहीण बारावीत. कंपनीला सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

आईचं म्हणणं, गुरुवारी आरती झाली की दोन चिठ्ठ्या करू, दत्तापुढे ठेवू आणि शेजारच्या छकुलीला एक उचलायला सांगू. आमच्याकडे हे नवीन नाही. फ्लॅट घेताना टाकल्या होत्या, आत्याच्या स्थळांच्या वेळीही टाकल्या होत्या. आजीचं माहेर राजापूरकडचं. तिकडे देवाला कौल लावतात; बडोद्याला आल्यावर ती चिठ्ठ्यांवर भागवायची. शिवाय बाबांच्या ऑफिसातले एक काका सांगून गेलेत की करनाळीच्या कुबेर भंडारीच्या देवळाच्या पाच अमास भर, म्हणजे पाच अमावस्यांना दर्शनाला जा, आपोआप मार्ग निघेल. (सोमवारपर्यंत पाच अमावस्या कुठून आणू, हे विचारलं नाही. मोठे आहेत.)

आता माझं काय अडतंय ते. मी नास्तिक नाही. दर गुरुवारी घरी दत्तबावनी हे दत्ताचं गुजराती स्तोत्र म्हणतो. फायनलच्या प्रॅक्टिकलला खिशात गाणगापूरच्या भस्माची पुडी होती, आणि तिचा मला आधार वाटला होता, हेही खरं. पण समजा दहेज निघालं. रात्रपाळी आहे, पहाटेचे चार वाजलेत, एचपीएलसीचं (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं) प्रेशर चढत चाललंय, कॉलम चोक झालाय आणि सकाळी सातला रिपोर्ट द्यायचाय. तेव्हा मी कोणाला बोल लावणार? मला पक्कं माहीत आहे, दत्तालाच. एम.एस्सी. निघाली आणि दोन वर्षांनी असाच बिननोकरीचा बसलो, तरी त्यालाच. मग ही श्रद्धा कसली? निर्णय माझा, आणि खतावणी त्याच्या नावावर! नाही टाकल्या, तर आईला वाटणार पोरगा शिकला आणि देवाला विसरला.

तुम्ही लोक अशा वेळी काय करता? आणि कृपा करून ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ लिहू नका. ते घरी रोज ऐकतो.

रिटायर्ड_केमिस्ट

बेटा, माझं आयुष्य नंदेसरी आणि अंकलेश्वरच्या लॅबमध्ये गेलं. देवाचं नंतर बोलू.

बाँड आहे का? असेल तर किती वर्षांचा? मूळ मार्कशीट जमा करून घेतात का? घेत असतील तर चिठ्ठीची गरजच नाही, जाऊ नकोस. कन्फर्मेशन कधी, ते लेखी देतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुला इन्स्ट्रुमेंटवर बसवणार की नुसतं सॅम्पल आणायला पळवणार? ज्याचा हात एचपीएलसी आणि जीसीवर बसला, त्याला पुढे कोणीही विचारतं. जो कार्ल फिशरवर मॉइश्चर आणि मीटरवर पीएच एवढंच बघत राहिला, तो तिथेच राहतो. उलट बाजूही ऐक. बी.एस्सी.वर क्यूसी मिळतं, पण तिथून आर अँड डीत शिरणं फार कठीण, तिकडे एम.एस्सी. मागतात.

दहेज म्हणजे भरूच ओलांडून आणखी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. बडोद्याहून रोज जा-ये करणारे आहेत, पण फिरत्या शिफ्टमध्ये तब्येत ढासळते. भरूचला खोली घ्यावी लागेल. अठरातून भाडं आणि डबा वजा करून बघ, घरी काय पाठवशील ते.

हे सगळं एका फोनवर कळतं. जे एचआरला विचारायचं, ते दत्ताला कशाला विचारतोस?

नर्मदाकाठ

केमिस्ट काकांचं व्यवहाराला धरून आहे, पण प्रश्न श्रद्धेचा आहे. नर्मदेकाठच्या नारेश्वरचे दत्तभक्त संत रंगावधूत महाराज आठव. गोध्र्याच्या मराठी घरातला मुलगा, मूळचे पांडुरंग वळामे. असहकाराच्या काळात कॉलेज सोडलं, गुजरात विद्यापीठातून पदवी घेतली, मास्तर झाले आणि १९२५ साली सगळं मागे टाकून नारेश्वरच्या रानात जाऊन बसले. तू गुरुवारी म्हणतोस ती दत्तबावनी त्यांचीच, १९३५ ची. त्यांना कुठे उद्याची हमी होती? झोकून दे. चिठ्ठीत जे निघेल ते घे.

कारेलीबागची_मामी

नर्मदाकाठ, महाराजांचं उदाहरण द्यायचं तर अर्धं देऊ नका. धाकटा भाऊ आईला सांभाळण्याइतका हाताशी येईपर्यंत ते घरातच होते, पगारही आणत होते. आणि चिठ्ठी टाकून रानात गेल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

परीक्षानळी, माझ्या सासूबाई चिठ्ठ्या टाकायच्या, पण त्यांचे नियम कडक होते. दोन्ही गोष्टी मनापासून चालणार असतील तरच टाकायच्या. एकीकडे मन झुकत असेल तर देवाला मध्ये घालायचं नाही. दोन नाही, तीन चिठ्ठ्या करायच्या, तिसरी कोरी. कोरी निघाली तर आज ठरवायचं नाही. आणि एकदा निघाली की पुन्हा टाकायची नाही, कुरकुरायचंही नाही. आजकाल लोक मनासारखं निघेपर्यंत टाकत बसतात.

तू दत्तावर रागावशील म्हणून घाबरतोयस ना? रागव की! माझा मुलगा लहानपणी टायफॉइडने पडला होता तेव्हा मी तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. दिवा नाही, फूल नाही. सासूबाईंनी पाहिलं, एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे केव्हातरी माझी मीच ती सरळ केली, काच पुसली. त्याने काही माझं नाव वहीत लिहून ठेवलं नव्हतं. राग येणार नाही अशा बेताने भक्ती करायला गेलास, तर त्याच्याशी तुझं बोलणंच बंद होईल.

आणि आईला सोमवारची धास्ती आहे, ती बिचारी चिठ्ठीत मावते का बघतेय. तिला गरुडेश्वरला घेऊन जा. दत्तसंप्रदायातल्या टेंबे स्वामींची समाधी आहे, खाली नर्मदा आहे, घाटावर बसा. रविवारी कर, शनिवारी मला गर्दी सोसत नाही. (म्हणजे तुला चालत असेल तर शनिवारीही जा.)

पुणे_व्हाया_बडोदा

मी देव मानत नाही, त्यामुळे तेवढा भाग सोडतो. मी एम.एस्सी. केली. आमच्या वेळी कॅम्पसला आलेल्या बऱ्याच कंपन्या क्यूसीच देत होत्या, पगार थोडा बरा, एवढंच. पण शिकायला मजा आली, स्पेक्ट्रा वाचता यायला लागले. नोकरी धरलीस तरी जॅमचा (आयआयटीत एम.एस्सी.ला जायच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म सप्टेंबरच्या आसपास निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. तो भर. रात्रपाळीत अभ्यास होतो असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नकोस.

परीक्षानळी

सगळ्यांचे आभार. काका, फोन केला. बाँड नाही, मार्कशीटच्या झेरॉक्सच घेतात. पहिले सहा महिने सॅम्पलिंग आणि वेट लॅब (हाताने करायच्या टेस्ट), मग इन्स्ट्रुमेंट. हे ईमेलवर लिहून द्या म्हटलं तर बाई जरा थांबल्या, पण संध्याकाळपर्यंत मेल आला.

मेल वाचला तेव्हा मला आनंद झाला. म्हणजे मन झुकलं, आणि मामींच्या नियमाने चिठ्ठ्या बाद. आईला हे मामींच्या सासूबाईंच्या नावाने सांगितलं म्हणून पटलं, माझ्या नावाने पटलं नसतं. तिची अट एकच, ऑफर लेटरची प्रिंट काढून आधी दत्तापुढे ठेवायची, मग हो कळवायचं. ठेवतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही, बहीणही मार्कशीट ठेवते.

नर्मदाकाठ, रागावू नका. झोकून द्यायला माझ्याजवळ अजून काही जमलेलं नाही. जॅमचा फॉर्म भरणार आहे, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी गरुडेश्वर. काका, एक राहिलंच, कंपनीच्या बस तरसाली बायपासला थांबतात की गोल्डन चोकडीलाच?

रिटायर्ड_केमिस्ट

कंपनीगणिक वेगळं असतं, त्याच बाईंना विचार. आणि खोली भरूचला बघ म्हटलं ते बसच्या नादात विसरू नकोस.